खालच्या बायांचा भाग

४ फेब्रुवारी

वन्सं,

नाही, तुमचं ते रेकॉर्डिंग मास्तरांनी अजून काढून टाकलेलं नाही. गळ्याच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर पहिल्याच चिठ्ठीत माणूस काय विचारतं? भावजय कशी आहे, खिडकीतल्या कुंडीला पाणी घालते का. तुम्ही विचारलंत, माझी चूक दुरुस्त केली का. शाळेत पोरांच्या वह्या तपासून तपासून तुमचा असा स्वभाव झालाय.

तर ऐका. चूक आहे तिथेच आहे, आणि आता ती तुमच्या एकटीची राहिलेली नाही. मास्तरांनी चर्चच्या गाण्यातला ज्याचा त्याचा भाग ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवला. उजव्या कानात आपला भाग मोठ्याने आणि डाव्या कानात बाकीचे, भिंतीपलीकडे शेजारी भांडत असल्यासारखे. वरच्या सुरातल्या बायांचं मास्तरांच्या भाचीने गायलंय, वरच्या आणि खालच्या दोन्ही बाप्यांचं मास्तरांनी स्वतः, आणि आपल्या खालच्या बायांचं तुम्ही, गळ्याला मफलर गुंडाळून. मला ते कागदावरचे सूर वाचता येत नाहीत. मुंग्या तारेवर बसल्यात असंच दिसतं. गावच्या शाळेत आम्हाला पाढे शिकवले, मुंग्या नाही शिकवल्या. त्यामुळे तुम्ही गाल तसं मी गाते, आणि नर्सबाई आणि पोस्टातली पण तसंच गातात.

शेवटच्या भागात खालच्या बाया एकट्या सुरुवात करतात ना, तिथे तुम्ही बारीक खोकलात आणि उशिरा शिरलात. काल तालमीला मास्तरांनी हात खाली आणला, आणि आम्ही सगळ्या गप्प. मग उशिरा शिरलो, सगळ्या एकदम, झोपेतून उठवल्यासारख्या. आणि शिरायच्या आधी नर्सबाई खोकली. मुद्दाम नाही हो. तिने तुमचा खोकला पण पाठ केलाय. मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मी लाँड्रीत कामावर कानात घालून ऐकते. रोलरवर चादर घालायची, पलीकडून काढायची, घडी. परवा तुम्ही फार उंच चढलात तेव्हा मी थांबून ऐकायला लागले आणि हॉटेलची एक चादर पिवळी करून ठेवली. मुकादम म्हणाला, कुणाशी बोलत होतीस? म्हटलं, नणंदेशी. म्हणाला, मग जळणारच.

आता तुमचं तोंड बंद आहे तोवर मी सगळी भांडणं जिंकून घेते. लवकर बऱ्या व्हा, नाहीतर मला सवय लागेल.

तुमची वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचून हसले. हसले की आता आवाज येत नाही, गळ्यातल्या नळीतून फुस्स होतं, सायकलच्या चाकातली हवा गेल्यासारखं. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई घाबरल्या, त्यांनी घंटा वाजवली. तुझ्यामुळे दोन आया पळत आल्या.

फोनवर लिही म्हणतात सगळे. फोनवर चार शब्दांत संपतं. पत्र लिहिताना दुपार जाते, आणि इथे दुपारच फार मोठी असते.

बरी आहे. डॉक्टर रोज येतात, मान बघतात, मला न बघता जातात. ते तसे चांगले आहेत.

आता कामाचं. त्या जागी मी उशिरा शिरले, कारण गिळता येईना. मास्तरांना म्हटलं होतं परत घेऊ, पण परत आवाजच निघाला नाही. ते दुरुस्त करून घे. सगळ्या बायकांनी माझ्या दुखण्याप्रमाणे गायचं, हे काही बरोबर नाही.

आणि दुसरं. ही मृतांसाठीची मिस्सा दादासाठी आहे. गिरणीत गेलेल्या सगळ्यांसाठी आहे, पण मी मास्तरांच्या मागे लागले ती दादासाठी. बॉयलर फुटल्यावर आपल्याला नीट निरोपही देता आला नाही, शवपेटी बंदच आली. एकदा तरी चार भागांत, पुरतं, त्याच्यासाठी गावं एवढंच मला हवं होतं. आता माझा भाग तू गायचास. नर्सबाईच्या भरवशावर टाकू नको. ती चांगली बाई आहे, पण तिची ड्यूटी लागली तर येणार नाही.

तू माझ्या पाठीमागून गातेस, मला माहीत आहे. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी राहिलीस आणि मी सूर लावला की तू त्यावर पाय ठेवतेस. मी कधी बोलले नाही. आता पुढे हो.

तुझी नणंद

२ मार्च

वन्सं,

काय ही माणसं. गळा कापला तरी टोमणा शिल्लक आहे. मी तुमच्या पाठीमागून गाते म्हणे. पाठीमागून नाही हो, आदराने. घरातल्या थोरल्या सुनेने नणंदेच्या पुढे जाऊ नये असं मला शिकवलंय. तुम्हाला नसेल माहीत, तुम्ही लग्नच नाही केलंत.

तुमचा हुकूम मास्तरांना सांगितला. त्यांनी आपल्या भागाचं नवीन रेकॉर्डिंग केलं, बाजाच्या पेटीवर. टिंग, टिंग, टिंग. सगळं वेळेवर, सगळं बरोबर, आणि एकीलाही काही पाठ होईना. पोस्टातली म्हणाली, हे ऐकून मला लिफ्टमध्ये उभं असल्यासारखं वाटतं. नर्सबाई म्हणाली, पेटीला श्वास घ्यावा लागत नाही, मग मी कुठे घेऊ ते कसं कळणार? तुम्ही जिथे घेता तिथे आम्ही घेतो ना. मास्तर चिडले. म्हणाले, तुम्ही खालच्या बाया म्हणजे मेंढरं आहात. म्हटलं, मास्तर, चर्चमध्ये मेंढरांनाच मान असतो. मग त्यांना हसू आलं, आणि नवीन रेकॉर्डिंगचं नाव कुणी काढत नाही.

रोज गाते. कामावर रोलरचा आवाज असतो, कुणाला ऐकू जात नाही, मोकळं गाता येतं. तुम्ही उजव्या कानात, मी मध्ये, बाकी भांडणारे डावीकडे. अगदी झकास होतं. फक्त एक आहे, कानातलं काढलं की गाडी बंद पडते. तोंड उघडतं, पुढे काही येत नाही. ढकलल्याशिवाय सुरू न होणाऱ्या मोटारी असतात ना, तसं. होईल. मोटारी होतात सुरू.

काल तुमच्या खोलीत जाऊन झाडलं. खुर्चीवर तुमचा पिवळा स्वेटर होता, तो मी घातला. थंडी होती म्हणून. आता तो माझा झाला, येऊन भांडून घ्या.

घरी कधी सोडणार? तारीख लिहा.

तुमची वहिनी

२० मार्च

वहिनी,

तारीख सांगत नाहीत. थोडं थांबू म्हणतात. मला हॉस्पिटलच्या मागे एक खोली दिली आहे, पलंग, टेबल आणि एक खिडकी. खिडकीतून दुसऱ्या खोलीची खिडकी दिसते. त्या बाईलाही आवाज नाही. आम्ही एकमेकींना हात करतो, सकाळी आणि संध्याकाळी. दोन मुक्या बायकांची इतकी छान मैत्री होऊ शकते, हे तुझ्याबरोबर राहून मला कळलं नसतं.

स्वेटर ठेव.

मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. एकदाच. ओळखीची कुणीतरी बाई वाटली, पूर्वी आपल्या गल्लीत राहत असावी अशी. बंद केलं. तुम्ही ऐका.

मिस्सेला येईन म्हणते. मागच्या बाकावर बसेन, कुणाला बोलावं लागणार नाही, मफलर बांधून. तू मात्र कानातलं काढून गायला शीक. चर्चमध्ये मी तुझ्या कानात नसेन.

आता गोळ्या बंद केल्यात, गिळायचा त्रास वाचला. त्याऐवजी छातीला एक पट्टी चिकटवतात, ती दर दोन-तीन दिवसांनी बदलतात. त्याने बरं वाटतं, झोपही बरी लागते. तेवढीच सोय.

तालीम कशी चालली आहे ते लिही.

तुझी नणंद

८ एप्रिल

वन्सं,

तालीम झकास. मागच्या रविवारी शिंपी, तो वरचा बाप्या हो, चष्मा घरी विसरला आणि दुसऱ्याच पानावरचं गात राहिला, अगदी जीव ओतून. मास्तर म्हणाले, निदान एकाला तरी पाठ आहे, भले चुकीचं असो. आम्ही शेवटच्या भागात अजूनही उशिरा शिरतो. मास्तर आता हात खाली आणतच नाहीत. वर धरून ठेवतात आणि आमच्याकडे बघतात, बस येईपर्यंत स्टॉपवर उभं राहावं तसं. आम्ही शिरलो की मग हात खाली. तुमच्या चुकीला त्यांनी अशी जागा करून दिलीय.

मी तुमच्या पट्टीची फार चेष्टा करणार होते. माझ्या गुडघ्यालाही मी अशीच पट्टी लावते, तिखट वासाची, मग मुकादम म्हणतो लाँड्रीत दवाखाना उघडलाय. हे सगळं लिहायचं ठरवलं होतं.

पण तालमीनंतर खुर्च्या रचताना नर्सबाईला सहज म्हटलं, वन्संना आता गोळ्यांऐवजी छातीला पट्टी लावतात, बरं वाटतं म्हणे. ती हातातली खुर्ची तशीच धरून उभी राहिली. विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही. मग म्हणाली, त्यांना लिहिताना फार वेळ लावू नका. आणि जाताना तिने मला मिठी मारली. ती बाई कुणाला मिठी मारत नाही, वन्सं. तिचे हात नेहमी सॅनिटायझरने कोरडे पडलेले असतात, म्हणून ती हातही मिळवत नाही.

ती पट्टी कसली आहे?

तुमची वहिनी

१९ एप्रिल

वहिनी,

दुखण्याची आहे. गोळ्यांनी भागत नाही तेव्हा लावतात ती.

मानेच्या दुसऱ्या बाजूला गेलं आहे, आणि खाली छातीतही. पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पुन्हा कापण्यासारखं नाही. तुला लिहिलं नाही, कारण तू लगेच पिशवी भरून आली असतीस, आणि इथे तुला बसायला एकच खुर्ची आहे, तिच्यावर मशीन ठेवलंय. शिवाय तू तालीम सोडली असतीस. तेच मला नको होतं.

मी मिस्सेला येत नाही. बसवतही नाही आता इतका वेळ.

तू पण मिस्सेआधी यायचं नाहीस. रागावून लिहीत नाही, विनवून लिहिते. मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं असेल तर तुझी धाकटी कढई, ती तू दिली नाहीस. आता हे मागते. माझा भाग गप्प राहता कामा नये. दादासाठी चारही भाग लागले पाहिजेत, एक पाय मोडलेलं टेबल मला नको. तू गा आणि मग मला लिहून कळव, कसा झाला. तेवढं पत्र येईपर्यंत मी आहे.

आणि खोटं लिहू नको. तुला खोटं लिहिता येतं, मला ठाऊक आहे. पण खोटं लिहिलंस की तू विनोद फार करतेस.

तुझी नणंद

१२ मे

वन्सं,

झाली मिस्सा. आणि काय झाली म्हणून सांगू.

आधी कपड्यांचं. मास्तरांनी काळे कोट शिवून घ्यायला लावले होते शिंप्याकडून. शिंप्याने माझं माप डोळ्यांनीच घेतलं, विधुर माणूस, लाजतो. त्याच्या मनात मी अजून तरुण आहे असं दिसतं, कारण बटणं लागेनात. मग मी आत तुमचा पिवळा स्वेटर घालणार होते तो बेत रद्द केला आणि श्वास धरून उभी राहिले. खालच्या बाया म्हणजे श्वासाचंच काम.

चर्च भरलं होतं. गिरणीतल्या लोकांच्या घरची सगळी माणसं, सगळ्या बायका, पोरं आता आपल्यापेक्षा उंच झालेली. पहिल्या बाकावर गिरणीचे जुने साहेब, त्यांना आता ऐकू येत नाही, ते सगळ्यात जास्त रडले.

पहिला भाग छान. दुसऱ्यात मास्तरांची भाची इतकी वर गेली की मला वाटलं आता शिडी आणावी लागते. बाप्ये नेहमीसारखे, पोटातून. आणि शेवटचा भाग. मास्तरांनी हात वर धरला. शांतता. मी तुमच्यासारखी थांबले, तेवढीच, आणि पुढे झाले. पहिली मी. माझ्या मागून सगळ्या. नर्सबाई खोकली नाही, तिने गोळी चघळली होती, तिच्या गालात फुगा दिसत होता, फोटोत पण आलाय. मोटार सुरू झाली, वन्सं, ढकलल्याशिवाय. बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, आज खालच्या बायांनी लाज राखली. म्हटलं मास्तर, मेंढरं म्हणा ना.

तुमचे भाऊ असते तर म्हणाले असते, एवढा वेळ लॅटिन ऐकण्यापेक्षा बॉयलर बरा. त्यांना सगळं थोडक्यात आवडायचं, जेवणसुद्धा, बायकोसुद्धा.

मी शनिवारी निघते. खुर्चीवरचं मशीन खाली ठेवून घ्या. कढई आणते.

तुमची वहिनी

१५ मे

वहिनी, हे पत्र वॉर्डातली आया लिहिते आहे. बाईंनी पाटीवर लिहिलं ते मी उतरवते. आज पेन धरवत नाही, पाटीवरही थोडंच लिहिलं. ते असं:

विनोद फार आहेत. खरं काय झालं?

एवढंच लिहिलं बाईंनी. मग पाटी पुसायला सांगितली आणि परत तेच लिहिलं.

१७ मे

वन्सं,

शनिवारी मी पोचायच्या आधी हे तुम्हाला मिळावं म्हणून नर्सबाईच्या ओळखीच्या ड्रायव्हरच्या हातून पाठवते. आयाबाई, तुम्ही वाचून दाखवत असाल तर हळू वाचा.

कोटाचं खरं आहे. बटणं लागत नव्हती. साहेबांचं खरं आहे. बाकी सांगते.

कोटाच्या आत मी पिवळा स्वेटर घातला होता. म्हणूनच बटणं लागत नव्हती, त्यात शिंप्याचा काही दोष नाही. फोन स्वेटरच्या खाली होता, आणि त्याची वायर मी मानेवरून केसांत नेली होती. डोक्याला काळा रुमाल. उजव्या कानात तुम्ही. मला वाटलं होतं, नुसता आधाराला ठेवते, जिन्याला कठडा असतो तसा. हात न लावता उतरायचं, पण असावा. चर्चच्या मागच्या कोठीत वायर लावली, आणि पुढे येऊन उभं राहिल्यावर मास्तर मोजायला लागले तसं मी बटण दाबलं. मास्तर जितक्या गतीने घेतात तितक्याच गतीने तुम्ही गायलेलं आहे. बरोबर जुळलं. मला वाटलं, जमलं.

मास्तरांनी हात खाली आणला आणि तुम्ही सुरू झालात. मी तोंड उघडलं. पहिला शब्द गायले, आणि तुम्ही नाहीशा झालात. असं होतं हे मला माहीत नव्हतं. लाँड्रीत रोलर असतो, म्हणून मी फोन मोठा करून ठेवायचे आणि तुम्ही सगळ्यावरून ऐकू यायचात. चर्चमध्ये कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून बारीक ठेवला होता. आपण गायला लागलो की आपलाच आवाज आपल्या डोक्यात भरतो, वन्सं. मी गायले की तुम्ही गेलात. मी गप्प झाले की तुम्ही आलात. दोनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा नाही केलं.

मग मी नुसते ओठ हलवले. नर्सबाई माझ्या डावीकडे गात होती, पोस्टातली तिच्या पलीकडे. त्या माझ्या ओठांकडे बघून गात होत्या, कारण मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं हिच्या मागे राहा. मी तुमच्या मागे आणि त्या माझ्या मागे. समोर बायका रडत होत्या. बॉयलरवर ह्यांच्याबरोबर पाळीला असायचा त्याची बायको अगदी समोर होती, ती माझ्या तोंडाकडे बघून मान हलवत होती, किती छान गातेस म्हणून.

शेवटचा भाग आला. मास्तरांचा हात वर. पूर्ण शांतता. माझ्या कानात तुम्ही खोकलात. त्या खोकल्यानंतर तुम्ही गिळलंत, तेसुद्धा ऐकू आलं, लाँड्रीत ते कधीच ऐकू आलं नव्हतं. तुम्हाला किती दुखत होतं तेव्हा. तुम्ही मला म्हणाला होतात घसा बसलाय. मी त्या दिवशी मफलरवरून तुमची थट्टा केली होती.

तुम्ही शिरलात आणि मी ओठ हलवायचे विसरले. त्या दोघी माझ्याकडे बघत थांबल्या. मास्तरांचा हात वरच. ती शांतता तुमच्या चुकीपेक्षा फार मोठी झाली. मग नर्सबाई शिरली. पहिली ती, मी नाही. तिने आपला भाग उचलला आणि शेवटपर्यंत नेला. तुम्ही म्हणालात ना तिच्या भरवशावर टाकू नको. तिच्यामुळेच टेबल उभं राहिलं. तिची ड्यूटी होती, ती बदलून आली होती.

बाहेर आल्यावर तिने माझ्या रुमालाची गाठ सोडली, वायर ओढून काढली आणि घडी घालून माझ्या खिशात ठेवली.

तुमच्या भावासाठी होतं ते सगळं. मी ह्यांची बायको. त्या पूर्ण वेळात मला हे आठवलेसुद्धा नाहीत.

तुम्ही माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीत, आणि मी ती केली नाही. येत नव्हतं म्हणून नाही. भीती वाटली म्हणूनही नाही. मला सगळं पाठ आहे, खोकल्यासकट. मी गायले असते तर तू ऐकू आली नसतीस, म्हणून मी गायले नाही.